फिंतासच्या समुद्रावरचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. पण घाईघाईने माझ्यात बाळ शोधू नका. मला झालर नाही, वर टांगलेले रंगीत पोपट नाहीत. मी पत्र्याचा आणि काचेचा आहे. आत समोरासमोर दोन बाकडी आहेत आणि डोक्यावर एक लांब पोलादी हात आहे. त्या हाताने वरची तार धरून मी हवेतून जात असे. माझ्या जन्मगावी मला दुसरेच भारदस्त नाव होते. ‘पाळणा’ हे नाव मला कुवेतमधल्या मराठी माणसांनी ठेवले. जत्रेतल्या कोणत्याही झुलणाऱ्या वस्तूला ही माणसे बिनदिक्कत पाळणा म्हणतात. सुरुवातीला मला त्याचा फार राग यायचा. आता कुणी जुन्या नावाने हाक मारली, तर मला ओळखूही येणार नाही.

माझा जन्म बर्फाच्या डोंगरांच्या देशात झाला. तिथल्या कारखान्यात डोंगर चढणाऱ्या लोकांसाठी असे पाळणे बनवत. माझ्या नशिबी मात्र डोंगर नव्हता. दूरच्या एका मोठ्या शहरात जागतिक प्रदर्शन भरणार होते. तिथल्या पाहुण्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत वरच्या वर न्यायचे काम आम्हा भावंडांना मिळाले. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पत्र्याच्या कडा स्वतः घासल्या. मुलांची बोटे कापू नयेत, एवढाच त्याचा आग्रह होता. मग मला निळा रंग दिला आणि पेटीत बसवून पाठवून दिले.

प्रदर्शनातले ते दिवस काय सांगू! खाली देशोदेशीची दालने आणि मुंगी शिरायला जागा नाही अशी गर्दी. लोक तासन् तास रांगेत उभे राहायचे आणि आत बसले की लहान मुलांसारखे हसायचे. वर्तमानपत्रात माझे फोटो छापून आले. मी चांगलाच शेफारलो. हे सगळे जग मला बघायलाच जमले आहे, असे मला वाटू लागले. मग एके दिवशी प्रदर्शन संपले. लग्न झाल्यावर मांडव उतरवतात तसे सगळे उतरवले गेले. आम्हाला तारेवरून काढून एका गोदामात ठेवले आणि वर ताडपत्री टाकली. त्या ताडपत्रीखाली माझा सगळा तोरा उतरला.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला कुवेतच्या एका व्यापाऱ्याने आम्हाला विकत घेतले. जहाजातून आम्ही शुवैख बंदरात उतरलो आणि तिथून ट्रकवर बसून फिंतासच्या किनाऱ्यावर आलो. व्यापाऱ्याने तिथे समुद्राला लागून एक बाग काढली होती. बागेच्या फाटकापासून पाण्यात उभ्या केलेल्या शेवटच्या खांबापर्यंत आमची तार गेली. त्या खांबाला वळसा घालून परत यायचे, एवढेच आमचे काम. माझ्या दारावर अरबी पाचचा आकडा रंगवला होता. अरबी पाच दिसतो आपल्या शून्यासारखा. त्यामुळे मराठी माणसे मला ‘शून्य नंबरचा पाळणा’ म्हणायची. जागतिक प्रदर्शनातून आलेल्या माझ्यासारख्याची ही किंमत!

आमची दारे लावायला मुस्तफाभाई नावाचा माणूस होता. तो रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा. बायकामुले गावी आणि हा इकडे. वाळू उडवणारा वारा सुटला की सगळे पाळणे थांबवायचे, आणि वारा पडला की पुन्हा सोडायचे, हे त्याच्या हातात होते. शुक्रवारी सुट्टी असायची. त्या दिवशी कुवेती कुटुंबे यायची, इजिप्तचे मास्तर यायचे, आणि आपली हिंदुस्थानी माणसे तर हमखास यायची.

त्या हमखास येणाऱ्यांमध्ये एक जोडपे होते. प्रभा मिरजेची. कुवेत शहरातल्या एका इस्पितळात ती नर्स होती आणि इस्पितळाच्याच होस्टेलमध्ये राहायची. तिचा नवरा उदय मीना अब्दुल्लाच्या तेल कारखान्यात टेक्निशियन होता आणि कंपनीच्या कॅम्पात राहायचा. होस्टेलमध्ये पुरुषांना बंदी, कॅम्पात बायकांना बंदी. दोघांच्या मुक्कामांच्या मधोमध फिंतास. म्हणून दर शुक्रवारी एक जण उत्तरेकडून आणि एक जण दक्षिणेकडून बसने यायचा आणि दोघे माझ्यात येऊन बसायचे. आधी मला वाटले, घरच्यांपासून लपून भेटणारी ही कुणी तरुण मंडळी आहेत. मग कळले, यांना तीन वर्षांची मुलगी आहे.

मुलीचे नाव वृंदा. तिला त्यांनी मिरजेला प्रभाच्या मोठ्या जावेकडे, शैलावहिनींकडे ठेवले होते. प्रभाची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. स्वतःचे घर नाही, आणि घर नाही म्हणून मुलीचा व्हिसा नाही. वर्षभरात काही तरी होईल आणि तिला बोलावून घेऊ, असे दोघे एकमेकांना सांगायचे. वर्ष गेले. मग पुढच्या वर्षाचे तसेच सांगू लागले. प्रभा पहिल्या वेळी रडली होती. नंतर ती रडेनाशी झाली, आणि मला तेच जास्त वाईट वाटायचे.

उदयने एक टेपरेकॉर्डर घेतला होता. तेव्हा फोन महाग आणि लागायलाही कठीण, म्हणून कुवेतची माणसे कॅसेटमध्ये बोलून ती गावी जाणाऱ्याबरोबर पाठवायची. होस्टेलमध्ये चार जणींसमोर प्रभाचे तोंड उघडेना. म्हणून ती दोघे टेपरेकॉर्डर घेऊन माझ्यात बसायची आणि वृंदाशी बोलायची. गर्दी कमी असली की मुस्तफाभाई दार उघडायचाच नाही. “उतरू नका, बाय,” तो म्हणायचा. “बसा तशीच. पोरीशी बोलून घ्या. गिऱ्हाईक नाय कोण.” मग त्यांची आणखी एक फेरी व्हायची, आणि मला तर ती संपूच नये असे वाटायचे.

त्या कॅसेटी मी शब्दन् शब्द ऐकल्या आहेत. जोरात बोलले की टेपवर आवाज फाटायचा, म्हणून उदय सारखा प्रभाला हळू बोलायला सांगायचा. प्रत्येक कॅसेटची सुरुवात ठरलेली. “वृंदा, मी आई बोलतेय हं. आम्ही पाळण्यापाशी आलोय.” मग ती सांगायची की पाळणा निळा आहे, फार सुंदर आहे, दर शुक्रवारी तिला इथे आल्याशिवाय चैन पडत नाही. हे ऐकताना मी फुलून जायचो. माझ्या डोक्यावरची कडी कुरकुरत असायची, तीही टेपवर उमटायची. कधी प्रभा माझ्या काचेवर हात ठेवून समुद्राकडे बघत बसायची आणि नकळत काही तरी गुणगुणायची. उदय तेही बंद करायचा नाही. लेकीला आईचा आवाज जेवढा मिळेल तेवढा मिळू दे, असे त्याचे म्हणणे.

मिरजेहून उत्तराच्या कॅसेटी यायच्या. त्याही दोघे माझ्यातच बसून ऐकायची. पहिल्या कॅसेटमध्ये वृंदाची टकळी थांबतच नव्हती. मांजरीला पिल्ले झाली, काकूने गुळाची पोळी केली, शेजारच्या मुलाने चप्पल विहिरीत टाकली, सगळे सांगून झाले. मग कॅसेटगणिक तिचे बोलणे आखडत गेले. पुढे पुढे शैलावहिनीच बोलायच्या. “वृंदा लाजते हो,” त्या सांगायच्या, पण त्यांचा स्वर ओशाळा असायचा. एका कॅसेटमध्ये त्या तिला बोल बोल म्हणत राहिल्या. बराच वेळ नुसती पंख्याची घरघर ऐकू आली. मग वृंदाचा बारीक आवाज आला.

“मला नाही यायचं कुवेतला. तुमचं तुम्ही राहा तिकडे.”

प्रभाने कॅसेट मागे नेऊन तेवढेच वाक्य पुन्हा ऐकले. उदयने टेपरेकॉर्डर तिच्या हातातून काढून घेतला. मुलांचे काय मनावर घ्यायचे, असे काहीबाही तो बोलत राहिला.  आपली मुलगी आपल्याला परकी झाली, हे प्रभाने त्या दिवशी मनाशी पक्के केले. लहान मूल आईवर एवढे का रागवावे, हे मात्र तिला उमजेना. मला तरी कुठे उमजत होते!

ऐंशी साली उदयला बढती मिळाली आणि तिच्याबरोबर फिंतासमध्येच दोन खोल्यांचे घर मिळाले. व्हिसाचे काम झाले. वृंदाला आणायला उदय सुट्टी काढून मिरजेला गेला. त्या शुक्रवारी प्रभा एकटीच माझ्यात येऊन बसली. वृंदा आली की तिला पहिल्यांदा काय म्हणायचे, याची ती हळू आवाजात तालीम करीत होती. एकदा हसून म्हणून बघितले, एकदा नुसतेच नाव घेऊन बघितले. इस्पितळात अनोळखी पेशंटशी घडाघडा बोलणारी ही बाई स्वतःच्या मुलीशी बोलायला शब्द शोधत होती. शेवटी तिने नाद सोडला आणि पदराने माझी धुळीची काच पुसत बसली.

पुढच्या शुक्रवारी तिघेही आली. दोन वेण्या घातलेली, पायात नवे बूट, आणि छातीशी एक कापडी पिशवी घट्ट धरलेली मुलगी मी पाहिली. सात वर्षांच्या मुलीला पाळण्याची केवढी हौस असते! पण उदयने मोठ्या उत्साहाने “हा बघ आपला पाळणा” म्हणताच ती जागच्या जागी थांबली. मुस्तफाभाईने दार उघडले. तिने आधी मान आत घालून दोन्ही बाकड्यांकडे बघितले आणि मगच पाऊल टाकले. आत आल्यावर आईच्या शेजारी न बसता ती समोर बापाशेजारी बसली.

आम्ही फाटक सोडून पाण्यावर आलो. प्रभाने तिला खालचा समुद्र दाखवला, मासेमारीच्या होड्या दाखवल्या, भूक लागली का म्हणून विचारले.

“नको. तुम्ही खा,” वृंदा म्हणाली.

मित्रांनो, तुम्ही आपल्या आईला काय म्हणता? तू म्हणता. आईवर कितीही चिडलात, तरी तूच म्हणता. अहो-जाहो करायचे ते शेजारच्या काकूंना, शाळेतल्या बाईंना. इतकी वर्षे दर शुक्रवारी मराठी ऐकून हे मलासुद्धा ठाऊक झाले होते. प्रभाने बाहेर बघितले. घरी आल्यापासून मुलगी तिला असेच म्हणत असणार, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते.

शेवटच्या खांबाजवळ आलो आणि वारा सुटला. किनाऱ्यावरून वाळूचा लोट उठला. मुस्तफाभाईने तार थांबवली आणि आम्ही पाण्यावर लोंबकळत राहिलो. वाऱ्याने मी डोलू लागलो तशी माझी कडी कुरकुरू लागली. वृंदाने चमकून वर बघितले. मग ती बाकावरून उतरली आणि गुडघे टेकून दोन्ही बाकड्यांच्या खाली बघू लागली. काय पडले म्हणून उदय वाकला.

वृंदा उठून उभी राहिली आणि तिने आईला विचारले, “बाळ कुठे ठेवलंय तुम्ही?”

“कुठलं बाळ?” प्रभा म्हणाली.

“पाळण्यातलं. तुम्ही दर शुक्रवारी त्याच्यापाशी येता ते. बाबा हळू बोल म्हणतात ते. तुम्ही त्याला गाणं म्हणता ते.” तिने पिशवीत हात घातला आणि एक पिवळट पडलेले टोपडे काढून प्रभाच्या मांडीवर ठेवले. “माझं आहे. काकूनं ठेवलं होतं. त्याला होईल म्हणून आणलं.”

आधी उदयच्या ध्यानात आले. पाळणा, कडीची कुरकुर, हळू बोल, गुणगुणणे. मिरजेच्या माजघरात बसून एका लहान मुलीने हे सगळे जोडले होते, आणि तिच्या जागी कुणीही असते तरी त्याने तेच केले असते. आईला तिकडे दुसरे बाळ झाले, म्हणून आपल्याला इथे ठेवले, असे तिला वाटले होते. हे कुणाला विचारावे तर तिला भीती होती, की होय असे उत्तर येईल. उदयने तिला जवळ घेऊन समजावले. आम्ही ज्यात बसलोय त्यालाच पाळणा म्हणतो, बाळबीळ काही नाही, कधीच नव्हते. हे सांगताना त्याला हसूही आले. प्रभाला हसू आले नाही. ती टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत बसली होती.

वृंदाने माझ्याभोवती एकदा नीट नजर फिरवली. तिला ते पटले. पण पटल्यावर तिच्या मनात जे आले, ते कुणाच्याच डोक्यात नव्हते.

“म्हणजे पाळणा रिकामाच होता?” ती म्हणाली. “मग मला का नाही आणलंत?”

मित्रांनो, त्या प्रश्नाने माझ्या अंगातले खिळे सैल झाले. प्रभाकडे उत्तरे होती. घर, व्हिसा, रात्रपाळी, सगळे खरे होते. यातले एकही तिने तोंडाबाहेर काढले नाही. ती मुलीसमोर माझ्या पत्र्याच्या जमिनीवर बसली आणि एवढेच म्हणाली, “आणायला हवं होतं. मला रोज वाटायचं.” तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला आणि मी एका अंगाला कलंडलो. वृंदा घाबरून किंचाळली नाही. तिने आईच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, “आई, तू धर मला.”

वारा बराच वेळ पडला नाही. खाली उतरल्यावर मुस्तफाभाई पुन्हा पुन्हा माफी मागू लागला, पोर भ्यायली असेल म्हणू लागला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

पुढे ती तिघे आणखी काही वेळा आली, आणि मग येणे कमी झाले. ते बरोबरच होते. आता त्यांना घर होते, स्वयंपाकघर होते, शुक्रवारी घरीच पाहुणे यायचे. मनातले बोलायला पत्र्याची पेटी कशाला लागते? मी स्वतःला असे समजावत असे आणि शुक्रवार आला की फाटकाकडे डोळे लावून बसत असे. माणसांची गरज संपली की ती निघून जातात, यात त्यांचा दोष नाही. पण मला त्यांची फार आठवण येई. प्रदर्शनातल्या हजारो माणसांपैकी मला एकही चेहरा आठवत नाही. या तिघांचे बोलणे मात्र मला पाठ आहे.

पंच्याऐंशीच्या सुमारास आमची तार थांबली ती थांबलीच. शहराच्या पलीकडे मोठी, दिव्यांनी झगमगणारी करमणुकीची बाग झाली आणि लोक तिकडे वळले. खारट वाऱ्याने आमचे खांब खाल्ले. मुस्तफाभाई गावी परत गेला. जाताना त्याने आम्हा सगळ्या भावंडांच्या दारांना एकदा तेल दिले, खरे तर आता त्याचा काही उपयोग नव्हता. नंतर माझी भावंडे एकेक करून भंगारात गेली. मला बागेच्या माळ्याने कुंपणाशी ओढून नेले आणि माझ्यात खताची पोती रचली. जगभरच्या लोकांना नेणारा मी शेणखत वाहू लागलो, म्हणजे तेही जागच्या जागी.

एकोणनव्वद सालच्या एका संध्याकाळी दोन बायका वाळू तुडवत माझ्याकडे आल्या. एकीच्या केसांत पांढरे दिसत होते. दुसरी सोळा वर्षांची, जीनपँट घातलेली. वृंदा! ती दहावी झाली होती आणि पुढच्या शिक्षणाला पुण्याला निघाली होती. कुवेतच्या बऱ्याच मुलांना तसे जावेच लागते. वाटेत भेटलेल्या मैत्रिणीशी ती इंग्रजीत फडाफडा बोलत होती. आईशी मात्र ती मिरजेच्या मराठीतच बोलत होती. दोघींनी एक पोते बाजूला सारले आणि समोरासमोर बसल्या. सामान झाले का, थंडीचे कपडे घेतले का, असे थोडे बोलणे झाले. मग प्रभाने विचारले. नऊ वर्षे तिने ते तोंडात धरून ठेवले असावे.

“अजून राग आहे का गं तुला? त्या वेळचा?”

वृंदाने विचार केला. तिने आईची समजूत घातली नाही, आणि त्याबद्दल मला तिचा अभिमान वाटला.

“राग नाही आई,” ती म्हणाली. “पण ती चार वर्षं मला हवी होती. अजून हवीत.”

“मलाही,” प्रभा म्हणाली.

एवढेच. दोघी एकमेकींचे हात धरून अंधार पडेपर्यंत माझ्यात बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी वृंदाचे विमान होते.

मित्रांनो, मला पुन्हा तारेवर चढवा, असे मी तुमच्याकडे मागत नाही. माझा पत्रा आता ते वजन पेलणार नाही. रंग दिलात तर मी नको म्हणणार नाही, पण तोही माझा हट्ट नाही. माझी विनंती वेगळी आहे. वाऱ्यापावसात गंजलेला मी डागडुजी करून थोडाफार नीट होईन; माणसांच्या मनात न विचारता ठेवलेला प्रश्न गंजला की तो कोणत्या कारागिराने घासावा? एका मुलीने आपला प्रश्न मनात ठेवला, तिच्या आईने आपला ठेवला, आणि दोघींची वर्षे गेली. तुमच्या मनात असे काही असेल, तर ज्याला विचारायचे त्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन या. पोती बाजूला सारा आणि समोरासमोर बसा. दार जरा घट्ट झाले आहे, पण जोर लावून ओढले की ते अजून उघडते.